वाचकांचे प्रश्न : कपाशीतली सदाफुलीच्या आडनावाची जनुके

प्रश्न : कपाशीतील एका 'ग्राही कायनेज जनुककुला'चा अभ्यास झाल्याची बातमी वाचली. त्या कुलाचे नाव सदाफुलीवरून पडले आहे, असेही तिच्यात होते. ग्राही कायनेज म्हणजे काय, जनुकांचे कुल कशाला म्हणतात आणि अंगणातल्या सदाफुलीचा शेतातल्या पऱ्हाटीशी संबंध काय?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : वनस्पतीच्या प्रत्येक पेशीला एक पातळ पेशीपटल असते आणि त्याच्या बाहेर सेल्युलोज व पेक्टिन यांची टणक भित्तिका असते. बाहेर बुरशी आली आहे, शेजारच्या पेशीने निरोप पाठवला आहे किंवा भित्तिकेवर ताण पडला आहे, ही वर्दी आत पोहोचवण्यासाठी काही प्रथिने पटलाच्या आरपार बसवलेली असतात. अशा प्रथिनाचा बाहेरचा भाग विशिष्ट रेणू ओळखून पकडतो, मधला तुकडा पटलात रोवलेला असतो आणि आतला भाग हे कायनेज नावाचे विकर असते. बाहेरून पकडणारा तो ग्राही, म्हणून अख्ख्या प्रथिनाला ग्राही कायनेज म्हणतात. कायनेजचे काम म्हणजे एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट काढून तो दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणे. फॉस्फेट चिकटले की त्या प्रथिनाचा आकार आणि वागणे बदलते, ते तिसऱ्याला जागे करते आणि अशा साखळीने निरोप केंद्रकापर्यंत जातो. बाहेर दाराची कडी वाजावी आणि आत माजघरात कोणीतरी उठावे, असा हा प्रकार आहे. दार उघडत नाही, आगंतुक आत येत नाही, तरी घराला कळते.

वनस्पतींमधले अशा प्रथिनाचे पहिले जनुक १९९० मध्ये मक्यात सापडले. पुढे अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या छोट्या रोपाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएची अक्षरे, वाचून झाला, तेव्हा त्यात अशी सहाशेहून अधिक जनुके निघाली आणि भातात ती अकराशेच्याही पुढे गेली. या जनुकांचे कायनेज भाग ज्यांच्याशी सर्वांत जवळचे नाते सांगतात, ती प्राण्यांमधली जनुके मात्र फळमाशीत एक आणि माणसात चार एवढीच आहेत. जागा बदलता येत नाही त्याला कान जास्त लागतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे आहे, पण सिद्ध करणे अवघड आहे, एवढे लक्षात ठेवावे.

एकाच पूर्वज जनुकाच्या प्रती होत होत जी जनुके तयार झाली आणि ज्यांच्या रचनेत ते नाते अजून वाचता येते, त्यांच्या समूहाला जनुककुल म्हणतात. ग्राही कायनेजांच्या मोठ्या कुळात अनेक शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेची ओळख तिच्या बाहेरच्या भागावरून पटते. बातमीतल्या शाखेच्या बाहेरच्या भागाची घडण मॅलेक्टिन नावाच्या, शर्करा ओळखणाऱ्या प्राणिज प्रथिनासारखी असते. या शाखेचे पहिले जनुक १९९६ मध्ये सदाफुलीच्या पेशींतून वेगळे केले गेले. सदाफुलीचे शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. त्याची इंग्रजी आद्याक्षरे सीआर; ती आरएलके, म्हणजे 'ग्राहीसारखा कायनेज' याच्या इंग्रजी आद्याक्षरांना, जोडून त्या जनुकाला सीआर-आरएलके-१ म्हटले गेले आणि पुढे सगळी शाखाच 'सीआर-आरएलके-१ सारखी' या नावाने ओळखली जाऊ लागली. गंमत अशी की आडनाव सदाफुलीचे असले तरी या घराण्याची खरी कामगिरी अरेबिडॉप्सिसमध्येच उघड झाली. या लेखात मी तिला सदाफुली-शाखा म्हणतो. हे नाव माझ्या सोयीचे आहे, कोणत्या परिभाषाकोशातले नाही.

अरेबिडॉप्सिसमध्ये या शाखेची सतरा जनुके आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध फेरोनिया. परागकण फुलाच्या कुक्षीवर रुजला की त्यातून नलिका निघते, बीजांडापर्यंत पोहोचते, आत शिरताच थांबते आणि फुटते. ती फुटल्याशिवाय फलन होत नाही. फेरोनिया बिघडलेल्या रोपात नलिका आत शिरते, पण थांबतही नाही आणि फुटतही नाही. ती बीजांडाच्या आत वाढतच राहते. थांबण्याचा इशारा मादी बाजूकडून येतो, हे यावरून कळले. २००७ मध्ये हे जनुक ओळखले गेले. त्याचे नाव इट्रुस्कन लोकांच्या सुफलतेच्या देवतेवरून आहे.

प्रश्न : आमच्या भागात पूर्वी गावरानी कापूस असे, आता सगळीकडे अमेरिकन आहे. अमेरिकन कपाशीत या कुलाची जनुके देशीच्या दुप्पट आहेत, असे ऐकले. जनुके जास्त म्हणजे पीक सरस, असे समजावे काय?
— निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : दुप्पट हे ढोबळमानाने खरे आहे. त्यावरून सरसपणा काढणे मात्र चूक आहे. सदाफुली-शाखेची जनुके देशी कपाशीत चाळिशीच्या आगेमागे आणि अमेरिकन कपाशीत ऐंशीच्या जवळपास मोजली गेली आहेत. याचे कारण गुणवत्तेत नसून वंशावळीत आहे.

माणसाने लागवडीखाली आणलेल्या कपाशीच्या जाती चार. त्यांपैकी गॉसिपियम आर्बोरियम, म्हणजे आपली देशी कपाशी, आणि गॉसिपियम हर्बेशियम या दोन जुन्या जगातल्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेतल्या, असून त्यांच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. गॉसिपियम हिर्सुटम, म्हणजे आपण जिला अमेरिकन म्हणतो ती, आणि गॉसिपियम बार्बाडेन्स या दोन नव्या जगातल्या असून त्यांच्यात ५२ गुणसूत्रे असतात. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, म्हणजे शेती करणारा माणूस जन्मण्याच्या फार आधी, जुन्या जगातल्या कपाशीच्या एका पूर्वजाचा अमेरिकेतल्या एका रानटी जातीच्या पूर्वजाशी संकर झाला आणि दोघांचेही संपूर्ण गुणसूत्रसंच एकाच रोपात कायमचे राहिले. जुन्या जगातल्या संचाला 'ए' आणि अमेरिकेतल्याला 'डी' म्हणतात. अमेरिकन कपाशी म्हणजे दोन बिऱ्हाडे एका छपराखाली, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भांडे दोनदा दिसते. सदाफुली-शाखेचेही तसेच.

ही जनुके मोजता आली ती जीनोम वाचल्यामुळे. 'डी' बाजूचा जवळचा प्रतिनिधी असलेल्या, पेरू देशातल्या रायमोंडाय या रानटी जातीचा जीनोम २०१२ मध्ये, देशी कपाशीचा २०१४ मध्ये आणि अमेरिकन कपाशीचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रायमोंडायच्या जीनोममध्ये नव्वद कोटींहून कमी अक्षरे आहेत, देशी कपाशीच्या जीनोममध्ये सुमारे १७० कोटी, आणि तरीही दोघींत जनुके सुमारे चाळीस हजारच. देशी कपाशीचा जादा फुगवटा स्वतःच्या प्रती करत सुटणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचा आहे. आकारावरून किंवा आकड्यावरून योग्यता ठरवू नये, याला एवढा एक पुरावा पुरे.

पण आपल्या प्रश्नाला आणखी एक खोल पदर आहे. अरेबिडॉप्सिसमध्ये सतरा असलेली जनुके साध्या, २६ गुणसूत्रांच्या कपाशीतही चाळीस कशी झाली? सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी कपाशीच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम पाच-सहा पटींनी वाढला होता, असे रायमोंडायच्या जीनोमवरून दिसले. शिवाय अधूनमधून एखाद्या जनुकाची प्रत त्याच गुणसूत्रावर त्याच्या शेजारीच तयार होते आणि मग तीन-चार सारखी जनुके गुणसूत्रावर चाळीतल्या खोल्यांसारखी ओळीने उभी राहतात. एवढी वाढ झाल्यावर बहुतेक जादा प्रती पुढे गळतात. जादा प्रतीत चूक शिरली तरी झाडाचे काही अडत नाही, म्हणून चुका साचतात आणि प्रत निकामी होते. काही प्रती मात्र टिकतात, आणि त्या टिकण्याला सहसा कारण असते. कधी मूळ जनुकाचे काम दोघांत वाटले जाते, एक मुळांमध्ये बोलते तर दुसरे फुलांमध्ये. क्वचित एखादी प्रत नवेच काम शिकते. कधी नुसत्या मात्रेसाठी दोन्ही हव्या असतात.

टिकलेली प्रत कामाची आहे की नुसती अजून गळायची राहिली आहे, हे ओळखण्यासाठी दोन प्रकारच्या बदलांची तुलना करतात. डीएनएतल्या काही बदलांनी प्रथिनातले अमिनो आम्ल बदलते, काहींनी बदलत नाही. पहिल्या प्रकारचे बदल दुसऱ्याच्या मानाने फार कमी दिसले, तर निसर्ग ते वेचून बाजूला काढत आला आहे, म्हणजे ते प्रथिन झाडाला जसेच्या तसे हवे आहे, असा अर्थ निघतो. सदाफुली-शाखेच्या बहुतेक जोड्यांत असेच दिसते.

एक गोष्ट मला स्वतःला फार रंजक वाटते. 'डी' बाजूच्या रानटी जातींना सूत काढण्याजोगा कापूस येत नाही, बियांवर नुसती आखूड लव असते. तरीही अमेरिकन कपाशीत धाग्याचे गुण ठरवणाऱ्या जागा गुणसूत्रांवर शोधल्या गेल्या, तेव्हा १९९८ मध्ये असे आढळले की त्यांतल्या बऱ्याच जागा 'डी' बाजूच्या गुणसूत्रांवर आहेत. ज्या घरी चरखा नव्हता, त्या घरची सून सूतकताईत पुढे निघाली. दोन संच एकत्र आल्यावर प्रतींच्या वाट्याला नवी कामे येतात, याचे याहून बोलके उदाहरण कपाशीत मला ठाऊक नाही.

देशी कपाशीकडे जनुके निम्मी असल्याने ती उणी ठरत नाही, हे परभणीच्या वाचकाला मी सांगायला नको. आपल्याच कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण दिले आहेत.

प्रश्न : मी सूतगिरणीत प्रतवारीचे काम करतो. आमच्यासाठी मुद्दा एकच, धाग्याची लांबी आणि ताकद. या जनुकांचा त्याच्याशी खरोखर संबंध आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : संबंध असावा असे मानायला भक्कम कारण आहे. ते समजण्यासाठी तंतू म्हणजे काय, हे आधी पाहू. आपण हातात घेऊन ओढून पाहता तो एकेक तंतू ही एकच पेशी असते. फूल उमलते त्या दिवसाच्या आसपास बीजांडाच्या सालीवरच्या साधारण पाव हिस्सा पेशी फुगून बाहेर येऊ लागतात. पुढचे तीन आठवडे त्या फक्त लांबतात, अमेरिकन कपाशीत तीन सेंटीमीटरच्या आसपास, आणि त्यांची जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर राहते. मग लांबणे मंदावते आणि भित्तिकेच्या आत सेल्युलोजचे थरावर थर बसू लागतात. बोंड फुटेपर्यंत पेशी मरून गेलेली असते आणि उरते ती भित्तिका, नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजची. लांबी पहिल्या टप्प्यात ठरते, ताकद व परिपक्वता दुसऱ्यात. ज्या पेशीचे सगळे आयुष्य भित्तिका ताणण्यात आणि भरण्यात जाते, तिला भित्तिकेची खबर देणारी यंत्रणा लागणारच.

सदाफुली-शाखा नेमकी याच कामाची आहे, आणि याचा सर्वांत सुंदर पुरावा २००७ मधला आहे. अरेबिडॉप्सिसमध्ये सेल्युलोज नीट न बनवणारे एक खुजे रोप होते. पाहुण्यांना आपल्या खाटेच्या मापाने कापणारा ग्रीक कथेतला दरोडेखोर प्रोक्रस्टीस याच्यावरून त्याचे नाव ठेवलेले. सेल्युलोज कमी म्हणून रोप खुजे, असा सरळ तर्क होता. संशोधकांनी त्याच रोपात दुसरे एक जनुक बिघडवले, तेव्हा सेल्युलोज होते तितकेच कमी राहिले आणि रोप तरीही बऱ्यापैकी उंच वाढले. याचा अर्थ रोप अशक्तपणामुळे खुजे राहत नव्हते. भित्तिका कच्ची आहे हे ओळखून कोणीतरी वाढ मुद्दाम थांबवत होते, आणि तो थांबवणारा निघून गेल्यावर वाढ सुरू झाली. त्या दुसऱ्या जनुकाचे नाव, प्रोक्रस्टीसला मारणाऱ्या वीरावरून, थीसियस ठेवले गेले आणि ते सदाफुली-शाखेचे निघाले.

फेरोनियाही असाच लगाम ओढते. झाड राल्फ नावाचे छोटे प्रथिन पेशीबाहेर सोडते, ते फेरोनियाला चिकटते, आतला कायनेज जागा होतो आणि पेशीतून आम्ल बाहेर टाकणारा पंप मंदावतो. भित्तिका सैल पडून ताणली जाण्यासाठी बाहेर आम्लता लागते, त्यामुळे पेशीचे वाढणे थांबते. हे २०१४ मध्ये दाखवले गेले.

कपाशीत या शाखेची काही जनुके तंतू लांबत असताना जास्त कार्यरत दिसतात. इथवर ठीक. पण एखादे जनुक एखाद्या वेळी चालू असणे म्हणजे ते काम त्याचेच असणे नव्हे. गिरणीत भोंगा झाला तेव्हा मी फाटकाशी उभा होतो, म्हणून भोंगा मी वाजवला, असे होत नाही. शिवाय लगाम सैल केला तर धागा लांबेलही, पण कच्च्या भित्तिकेनिशी लांबलेला धागा आपल्या यंत्रावर टिकेल काय, हा प्रश्न आपणच मला विचाराल. ग्राही कायनेजांच्याच दुसऱ्या एका शाखेतले, ब्रासिनोस्टेरॉइड हे संप्रेरक ओळखणारे ग्राही यात अधिक पुढे आहेत. बीजांडे चंबूत पोषक द्रावणावर वाढवली, तर त्यांवर तंतू येतात. त्या द्रावणात हे संप्रेरक घातले की तंतूंची वाढ जोर धरते आणि संप्रेरक बनणे रोखणारे रसायन घातले की ती खुंटते. आज मात्र या जनुकांच्या नावाने कोणी लांब धाग्याचे बियाणे विकू लागला, तर पाकीट खाली ठेवावे.

प्रश्न : बीटीचे जनुक याच कुलातले का? गुलाबी बोंडअळीवर याचा काही उपयोग होईल का?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नाही. बीटीचे जनुक कपाशीचे नव्हेच, ते जमिनीतल्या एका जिवाणूचे आहे आणि भारतात त्याच्या लागवडीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याचे विष अळीच्या आतड्यातल्या ग्राही प्रथिनाला चिकटते. तो ग्राही अळीचा, वेगळ्याच घराण्यातला. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळीत याच आतड्यातल्या एका ग्राहीच्या, कॅडहेरिनच्या, जनुकात बिघाड आढळले, म्हणजे अळीने कडीच काढून टाकली. सदाफुली-शाखेवरच्या संशोधनातून बोंडअळीवर उपाय निघेल, अशी अपेक्षा आज ठेवू नये. कामगंध सापळे आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून घेतलेले उत्पन्न, न घेणे हेच खरे.

प्रश्न : मग रोगांचे काय? मर रोगाशी या ग्राहींचा संबंध लावलेला मी वाचला. आणि जनुक काय काम करते, हे तपासतात तरी कसे?
— कृषी शाखेचा विद्यार्थी, अकोला

उत्तर : मर रोगाशी जोडलेला ग्राही सदाफुली-शाखेचा नसून भित्तिकेला चिकटून असणाऱ्या, वॅक नावाच्या शेजारच्या शाखेचा आहे. बुरशीच्या अंगात कायटिन असते. कपाशीच्या पेशीपटलावर कायटिन ओळखणारे दोन ग्राही आहेत आणि वॅक-७ए हे प्रथिन त्यांना एकत्र आणून त्यांतल्या एकाला फॉस्फेट चिकटवते. २०२० मध्ये असे दाखवले गेले की हे जनुक गप्प केले तर झाड फ्युजेरियम आणि व्हर्टिसिलियम या मर आणणाऱ्या दोन्ही बुरशींना लवकर बळी पडते.

गप्प करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तंबाखूच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत कपाशीच्या त्या जनुकाचा तुकडा बसवतात आणि तो वाहून नेणारे जिवाणू सुई काढलेल्या सिरिंजने कोवळ्या रोपाच्या बीजपत्रात खालच्या बाजूने दाबून सोडतात. झाड विषाणूचा आरएनए तोडू लागते आणि त्या तुकड्याशी जुळणारा स्वतःचाही तोडते. काम साधले की नाही, हे कळण्यासाठी शेजारच्या काही रोपांत हरितलवकांना लागणारे जनुक गप्प करतात. सुमारे दोन आठवड्यांनी त्यांची नवी पाने पांढरीफटक येतात, आणि ती आल्यावरच बाकीच्या रोपांना बुरशी लावायची.

विद्यार्थी आहात म्हणून एक सांगतो. जनुककुल मोजणे आता सोपे झाले आहे. अरेबिडॉप्सिसच्या सतरा प्रथिनांचे अनुक्रम घ्यायचे, कॉटनजेनसारख्या खुल्या संग्रहातल्या कपाशीच्या जीनोममध्ये जुळणारे शोधायचे, मॅलेक्टिनसारखा भाग आणि कायनेज दोन्ही असलेले ठेवायचे आणि वंशवृक्ष काढायचा. हे काम संगणकापुढे काही दिवसांत उरकते, त्यामुळे असे निबंध ढिगाने निघतात आणि त्यांत पांढऱ्या पानाची एकही कुंडी नसते. निबंध वाचताना आधी ती कुंडी शोधावी.

प्रश्न : मी अकरावीत आहे. प्रयोगशाळा नसताना यातले काही डोळ्यांनी पाहता येईल का?
— विद्यार्थिनी, परतूर

उत्तर : जनुके दिसणार नाहीत, पण ज्या पेशीबद्दल हे सगळे चालले आहे ती दिसेल. अमेरिकन कपाशीचे फूल उमलल्या दिवशी फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, म्हणून ताजे फूल ओळखायला अडचण नाही. सकाळी आठ-दहा ताज्या फुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधून तारीख लिहून ठेवा. एक फूल त्याच दिवशी तोडा, बाकीची दोन, पाच आणि दहा दिवसांनी. ब्लेडने अंडाशय उभा चिरून आतली बीजांडे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहा. पहिल्या दिवशी ती गुळगुळीत मोत्यांसारखी वाटतात. पाचव्या दिवशी त्यांवर ओली लव आलेली असते आणि दहाव्या दिवशी तिची लांबी सेंटीमीटरच्या घरात जाते. ती पाण्यात सोडून सुईने हलकेच पसरवा, म्हणजे एकेक पेशी सुटी दिसेल. फवारणी नुकतीच झालेल्या शेतातली फुले मात्र घेऊ नका, आणि ब्लेड चालवताना मोठ्या माणसाला जवळ बसवा.